‘स्टाफ मदत करेल’ नको, बाथरूमच्या दाराचं माप सांगा: हॉटेलवाल्यांना खुलं पत्र

हॉटेलचे मालक, मॅनेजर, बुकिंगच्या साइट चालवणारी मंडळी आणि हॉटेलांचे प्लॅन काढणारे आर्किटेक्ट, सगळ्यांना नमस्कार.

खरंतर हे पत्र एकाच हॉटेलला जायचं होतं. तिथे मी आधी राहिलेली आहे. त्यांच्याकडे व्हीलचेअरवाल्यांसाठी एक रूम होती, अगदी भारी वगैरे नव्हती पण मला व्यवस्थित जमायची, म्हणून परत तिकडे जायचं ठरल्यावर तीच रूम द्या असा ईमेल टाकला. उत्तर आलं की रिनोव्हेशनमध्ये ती रूम आम्ही काढली, आता तिथे मोठी फॅमिली रूम केलीये, तशा रूमला फारशी मागणी येत नव्हती, पण तुम्ही अजिबात काळजी करू नका, आमचा स्टाफ तुम्हाला हवी ती मदत करेल. आणि खाली एक स्मायली.

उत्तर लिहिणाऱ्यावर माझा राग नाहीये, डेस्कवरच्या पोराने काही भिंती पाडलेल्या नसतात. पण हा निर्णय कोणीतरी मीटिंगमध्ये बसून घेतला असणार, टेबलावर प्लॅन पसरून, आणि त्या टेबलाभोवती चाकाच्या खुर्चीवर बसलेलं कोणी नव्हतं हे मी पैजेवर सांगते. त्या हॉटेलचं नाव मी मुद्दाम घेत नाहीये. नाव घेतलं की बाकीचे सगळे सुटल्यासारखे होतात, आणि हेच उत्तर चार शब्द इकडेतिकडे करून मला इतक्या ठिकाणांहून आलंय की हा एका हॉटेलचा विषय राहिलेलाच नाही.

माझ्याबद्दल कामापुरतं सांगते. मणक्याच्या दुखापतीनंतर माझ्या कमरेखाली ताकदही नाही आणि स्पर्शही कळत नाही. हात मात्र ठणठणीत आहेत. खुर्ची माझी मी ढकलते, खुर्चीतून पलंगावर, कमोडवर, गाडीच्या सीटवर माझी मी सरकते, आम्ही त्याला ट्रान्सफर म्हणतो. नोकरी करते, कामासाठी फिरावं लागतं आणि हौस म्हणूनही भरपूर फिरते. जागा नीट असेल तर मला कोणाचाही हात लागत नाही, आणि बाथरूमचं दार दोन इंच कमी पडलं की त्याच क्षणी मी गिऱ्हाईकाची पेशंट होते, मग सगळे हळू आवाजात बोलायला लागतात, माझ्याशी नाही, माझ्या सोबतच्या माणसाशी.

तर आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी ह्या ‘स्टाफ मदत करेल’ चीच.

ही मदत म्हणजे नेमकं काय असतं ते ज्यांनी कधी घेतलेली नाही त्यांच्यासाठी लिहिते. दारात तीन पायऱ्या असतात. दोन तरुण मुलं येतात, बिचारी चांगली असतात, ‘मॅडम घाबरू नका’ म्हणतात, आणि एक जण काखेत हात घालतो, दुसरा गुडघ्याखाली. त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. कॅथेटरची, म्हणजे लघवीसाठी लावलेली नळी कुठे ताणली जातेय ते त्यांना दिसत नाही आणि मला जाणवत नाही. ड्रेस वर सरकतो तो खाली करायला माझे हात मोकळे नसतात कारण मी त्यांच्या खांद्याला धरलेलं असतं. लॉबीतली माणसं आधी बघतात आणि मग बघत नसल्यासारखं करतात. एका बाईला दोन अनोळखी पुरुषांनी असं उचलायचं, याला तुम्ही तुमच्या माहितीपत्रकात ‘स्नेहपूर्ण सेवा’ म्हणता. त्यात एखाद्याची खुर्ची बॅटरीवर चालणारी असेल तर तिचंच वजन शंभर किलोच्या वर असू शकतं, ती कोण उचलणार? आणि समजा पायऱ्या झाल्या, रूममध्ये पोचले, बाथरूमच्या दारातून खुर्ची जात नाही. रात्री तीन वाजता मला बाथरूमला जायचंय. रिसेप्शनला फोन करून दोन माणसं मागवू का? हा प्रश्न मी एका मॅनेजरला खरंच विचारला होता, तो ‘हो मॅडम, ट्वेंटीफोर अवर्स’ म्हणाला. त्याला बिचाऱ्याला प्रश्नच कळला नव्हता.

रॉन मेस नावाचे अमेरिकन आर्किटेक्ट होते, लहानपणी नवव्या वर्षी पोलिओ झालेला, व्हीलचेअर वापरायचे. कॉलेजात त्यांना वर्गात जायला जिन्यावरून उचलून न्यावं लागायचं आणि तिथल्या टॉयलेटमध्ये खुर्ची शिरायची नाही. याच माणसाने पुढे युनिव्हर्सल डिझाइनची कल्पना मांडली, म्हणजे इमारत पहिल्यापासूनच अशी काढा की जास्तीत जास्त लोकांना ती वेगळी सोय न करता वापरता येईल. आर्किटेक्ट मंडळी, तुमच्यातलेच होते ते. १९९७ साली त्याची सात तत्त्वं छापून झाली. मी अजून ‘उचलून घेतो’ वरच अडकलेय.

दुसरी तक्रार फोनवरच्या उत्तरांची. बुकिंगच्या आधी मी फोन करतेच, कारण वेबसाइटवर काही नसतं. संवाद साधारण असा होतो.

‘तुमच्याकडे व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी रूम आहे का?’

‘हो मॅडम, आमच्याकडे व्हीलचेअर आहे.’

‘नाही, व्हीलचेअर माझी माझ्याकडे आहे. रूम आहे का?’

‘मॅडम, पूर्ण हॉटेल अ‍ॅक्सेसिबल आहे. लिफ्ट आहे.’

‘बाथरूमच्या दाराची रुंदी किती आहे?’

‘स्टँडर्ड आहे मॅडम.’

अहो, घोडं तिथेच तर अडलंय. बहुतेक इमारतींमध्ये सगळ्यात अरुंद दार बाथरूमचंच असतं. मेन दार ऐसपैस, रूमचं दार बरं, आणि जिथे जाण्यावाचून कोणाचंच चालत नाही तिथे सव्वादोन फुटांची फट. साधी हाताने ढकलायची खुर्ची साधारण ६० ते ७० सेंटीमीटर रुंद असते, त्यात चाक ढकलणाऱ्या हाताची बोटं बाहेर येतात, ती दाराच्या चौकटीवर सोलून निघतात. म्हणून अमेरिकेच्या नियमात दाराची मोकळी रुंदी कमीत कमी ३२ इंच म्हणजे सुमारे ८१ सेंटीमीटर लागते. मोकळी म्हणजे दार ९० अंशात उघडून, दाराच्या फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंत. चौकटीचं माप सांगू नका, उघडलं तरी दाराची जाडी त्या जागेतच उभी असते, इंच दीड इंच खाते.

आता बाथरूम. इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण हॉटेलातला मुक्काम जमणार की नाही ते इथेच ठरतं, लॉबीतल्या झुंबराखाली नाही.

दार आत उघडतं. मी आत शिरले की माझ्यामागे खुर्ची असते आणि दार लावायला जागाच राहत नाही, म्हणजे दार उघडं ठेवून सगळं. बाहेर उघडणारं किंवा सरकतं दार लावलं की हा प्रश्न संपतो. मग उंबरा. पाणी बाहेर येऊ नये म्हणून केलेला दोन-तीन इंचांचा कठडा, तुम्हाला दिसतही नसेल, माझी पुढची छोटी चाकं तिथे थांबतात आणि मी तोंडावर पडते. पाणी अडवायला फरशीला उतार आणि लांबट जाळी असते की, कठडाच कशाला? आत गेल्यावर खुर्ची वळवायला साधारण दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते, नाहीतर गेले तशी उलटी बाहेर यायचं, मागे डोळे नसताना.

कमोडशेजारी बार आहे का विचारलं की ‘आहे’ म्हणतात, आणि जाऊन बघावं तर टॉवेल टांगायची दांडी. सांगू का फरक? अमेरिकन नियमात आधाराच्या बारवर २५० पौंड म्हणजे ११३ किलोच्या आसपास जोर पडला तरी तो हलता कामा नये. टॉवेलच्या दांडीवर मी भार टाकला की दांडी, स्क्रू, टाइलचा तुकडा आणि मी असे सगळे एकदम खाली. मी पडले तर मला दुखत नाही, हाडच मोडलेलं असतं आणि ते मला दुसऱ्या दिवशी सूज बघून कळतं.

बार कोणत्या बाजूला आहे हे तर कोणी सांगतच नाही. माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याला अर्धांगवायू झाला, डावी बाजू गेली, त्याला बार उजव्या हाताला लागतो. हॉटेलने ‘बार आहे’ सांगितलं, ते खोटं नव्हतं, बार होता, डावीकडे. त्याच्यासाठी तो नसल्यासारखाच. ज्या हॉटेलात अशा दोन रूम आहेत त्यांनी एकीत डावीकडे आणि एकीत उजवीकडे करायला काय जातं?

कमोडची सीट साधारण ४३ ते ४८ सेंटीमीटर उंच हवी. शॉवर काचेच्या कपाटात बसवलेला नको. खाली बसायला भिंतीला पक्की, घडी होणारी सीट हवी. बागेतली प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवू नका, ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात, शिवाय कडक सीटवर जास्त वेळ बसलं की आमच्या कातडीला जखम होते जी भरायला महिने लागतात. हँड शॉवर खाली बसून हाताला येईल असा. आणि एक गोष्ट जी कोणाच्याच डोक्यात येत नाही: बेसिनखालचा गरम पाण्याचा उघडा पाइप. खुर्ची बेसिनखाली घातली की माझा गुडघा त्या पाइपला टेकतो, मला चटका कळत नाही, मी निवांत दात घासत असते. त्या पाइपला आवरण घालायचं असतं नाहीतर तो अंगाला लागणार नाही असा बसवायचा असतो, हे अमेरिकेच्या नियमावलीत लिहिलंय आणि प्लंबरला अर्ध्या तासाचं काम आहे.

आरसा उभ्या माणसाच्या तोंडासमोर असतो, त्यात मला माझं कपाळ दिसतं. असो, त्यावाचून अडत नाही.

पलंग. याची गंमत अशी की दिवसेंदिवस तो वाढतच चाललाय. आलिशान वाटावं म्हणून गादीवर गादी, त्यावर आणखी एक मऊ थर, वरची पातळी जाते २६-२८ इंचांवर, आणि माझी सीट असते १९-२० इंचांवर. म्हणजे हातांवर स्वतःला उचलून वर चढायचं, कड्यावर चढल्यासारखं, तेही मऊ गादीवर जिथे हाताला धड टेकू मिळत नाही. आणि पलंग जर खालून बंद पेटीसारखा असेल तर ज्यांना उचलायच्या यंत्राने, होइस्टने पलंगावर न्यावं लागतं त्यांचं सगळंच संपलं, कारण त्या यंत्राचे पाय पलंगाखाली जावे लागतात, त्याला चार-पाच इंच मोकळी जागा लागते. अमेरिकेच्या त्या जाडजूड नियमावलीतसुद्धा पलंगाच्या उंचीचा नियम नाहीये, त्यामुळे तिथल्या नियमाने पास झालेल्या रूममध्येही लोक रात्रभर खुर्चीत बसून काढतात. म्हणजे ‘आम्ही सगळे नियम पाळतो’ हे उत्तरही पुरत नाही. पलंगाची उंची मोजा आणि लिहा, एवढं तरी. आणि पलंगाच्या एका बाजूला भिंतीपर्यंत तीन फूट सोडा, दोन्हीकडे साइड टेबलं घट्ट बसवून ठेवता ती हलवा.

रॅम्पबद्दल थोडक्यात. १ फूट चढायला १२ फूट लांबी. तीन पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे १८ फुटांचा रॅम्प. तुमच्या मागच्या दाराशी बॅगांच्या ट्रॉलीसाठी जो घसरगुंडीसारखा उतार आहे तो रॅम्प नाही, आणि ‘मॅडम मागच्या किचनच्या बाजूने या’ हे स्वागत नाही.

आता बुकिंग, ज्यावर माझा जीव सगळ्यात जास्त जळतो. सगळं विचारून, मापं घेऊन, रूम मिळाली असं समजून निघायचं आणि कन्फर्मेशनमध्ये बारीक अक्षरात ‘आपली विनंती नोंदवली आहे, उपलब्धतेनुसार देण्याचा प्रयत्न करू.’ माझ्यासाठी ती विनंती नाहीये हो. इतरांना समुद्र दिसणारी खिडकी हवी असते ती विनंती. रात्री उशिरा पोचायचं आणि कळायचं की ती रूम दुपारीच कोणालातरी दिली, कारण त्यांना मोठं बाथरूम आवडलं, आणि आता दुसरी नाही. बाकी सगळ्यांना अशा वेळी दुसरी रूम चालते, मला दुसरी रूमच नसते.

हे टाळायचं कसं याचं उत्तर शोधायला जायला नको, लिहून ठेवलेलं आहे. अमेरिकेत १९९० चा जो अपंगांसाठीचा कायदा आहे, एडीए, त्याखालच्या नियमांत मार्च २०१२ पासून हॉटेलांच्या बुकिंगसाठी स्वतंत्र कलमं लागू आहेत. अशा रूमची माहिती इतक्या तपशिलात द्यायची की माणसाला आपलं आपण ठरवता यावं. त्याच प्रकारच्या बाकीच्या सगळ्या रूम संपेपर्यंत ही रूम बाजूला ठेवायची. आणि एकदा बुक झाली की तीच रूम सिस्टीममधून अडवून ठेवायची. किती रूम असाव्यात तेही ठरलेलं आहे: २५ खोल्यांपर्यंत एक, ५० पर्यंत दोन, ७५ पर्यंत चार, १०० पर्यंत पाच, आणि पन्नासच्या वर गेलात की त्यातल्या निदान एकीत खुर्चीसकट आत जाता येईल असा शॉवर. तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाहीये. वेबसाइटवर माहिती नाही म्हणून हॉटेलांवर झालेल्या खटल्यांपैकी एक थेट तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये कोर्टाने मूळ प्रश्नावर निकाल न देताच तो संपवला. पण निदान नियम कागदावर इतका स्वच्छ आहे की तुम्हाला उचलून तसाच वापरता येईल.

बुकिंगच्या साइटवाल्यांनो, तुमच्यासाठी वेगळं. तुमच्याकडे एक फिल्टर असतो, चाकाच्या खुर्चीचं चित्र आणि त्यापुढे एक टिक. ती टिक हॉटेलवाला स्वतः करतो, कोणी तपासत नाही. लिफ्ट आहे म्हणून टिक, पायरी नाही म्हणून टिक, काहीच माहीत नाही पण जास्त लोकांना दिसावं म्हणूनही टिक. आणि एका टिकमध्ये काय काय कोंबाल? मी खुर्चीवर आहे, माझ्या आत्याचे गुडघे गेलेत, ती चालते पण खालच्या कमोडवरून उठू शकत नाही, तिला रुंद दाराचा उपयोग शून्य, उंच सीट आणि बार हवा. कुबड्यांवर चालणाऱ्याला गुळगुळीत ओल्या फरशीची भीती आणि लिफ्टपासून रूम किती लांब आहे याची चिंता. पायऱ्या, दाराची रुंदी, बाथरूमचा उंबरा, शॉवरची सीट, बार, पलंगाची उंची, हे वेगवेगळे रकाने करा. स्विमिंग पूलची खोली तुम्ही मीटरमध्ये देता, वायफायचा स्पीड देता, मग हे का नाही?

आग लागली तर काय, हा प्रश्न मी चेक-इनला हल्ली विचारतेच. आग लागली की लिफ्ट वापरायची नाही असं तुमच्याच दारामागच्या नकाशावर लिहिलेलं असतं. मग नवव्या मजल्यावरून मी कशी खाली येणार? जिन्यावरून माणसाला बसवून उतरवायच्या खास खुर्च्या मिळतात, इव्हॅक्युएशन चेअर, त्या कुठे ठेवल्यात आणि त्या चालवायला कोणाला येतं हे रात्रपाळीच्या माणसाला माहीत पाहिजे. बहुतेक वेळा समोरचा हसतो आणि म्हणतो, ‘मॅडम असं काही होणार नाही.’

आता ‘मागणी नाही’ याकडे येते, कारण त्या ईमेलमधलं हेच वाक्य मला गप्प बसू देत नाहीये.

तुम्ही ही मागणी मोजली कशी? फोन करून ‘दाराची रुंदी किती’ विचारणारी, ‘स्टँडर्ड’ ऐकून फोन ठेवणारी बाई तुमच्या कुठल्या रजिस्टरमध्ये नोंदली जाते? वेबसाइट बघून काहीच कळलं नाही म्हणून पुढे गेलेला माणूस? ती रूम एखाद्या फिल्टरमध्ये दिसतच नव्हती, फोटो नव्हता, रिसेप्शनवरच्या लोकांनाच ती आहे हे माहीत नव्हतं, मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिच्यात जास्तीच्या गाद्या रचून ठेवलेल्या होत्या, आणि मग म्हणायचं कोणी मागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे १३० कोटी लोकांना लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व आहे, म्हणजे दर सहा माणसांत एक. सगळे खुर्चीवर नाहीत, मान्य. पण पाय मोडून प्लास्टरमध्ये असलेले, बाळाची गाडी ढकलणारे, म्हातारपणाने बाथरूममध्ये आधार शोधणारे, त्यांनाही अशीच रूम सोयीची पडते. आणि धंद्याचंच बोलायचं तर एक साधी गोष्ट लक्षात घ्या: घरातल्या लग्नाला वीस माणसं येणार असतील आणि त्यात एक आजी वॉकरवर असेल तर कुठे उतरायचं हे आजीच्या बाथरूमवरून ठरतं. तुमची एक रूम गेली नाही, आठ गेल्या, आणि तुम्हाला ते कळलंही नाही.

‘हॉस्पिटलसारखं दिसतं, बाकीच्या ग्राहकांना आवडत नाही’ हेही ऐकलंय. पांढरे बार, पांढऱ्या टाइल्स, वर ट्यूबलाइट असं केलं तर दिसणारच. तुमच्याकडे डिझायनर असतात ना, नळांच्या रंगावर महिनाभर चर्चा करतात, त्यांना द्या हे काम. भिंतीला घडी होणारे बार मिळतात, नळांच्याच फिनिशमध्ये मिळतात. पायरी नसलेला सपाट शॉवर तर हल्ली तुम्ही महागड्या रूममध्ये हौसेने करताच, फक्त मधे काच घालून आमची वाट बंद करता.

कायद्याचं मी शेवटी काढतेय कारण कायदा काढला की लोकांचे चेहरे बंद होतात. पण आहे तो आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात नवव्या कलमात सुगम्यता आहे आणि तिसाव्यात पर्यटनाच्या, करमणुकीच्या जागाही स्पष्ट आहेत, म्हणजे फिरायला जाणं हा हक्क आहे, चोचले नाहीत. भारतात २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत लोकांचा वापर असलेल्या खाजगी इमारतीही येतात, आणि आधीच्या इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ चे, मुदत २०२२ मध्येच उलटली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सुगम्यतेच्या बाबतीत नुसत्या शिफारशी चालणार नाहीत, सक्तीचे किमान नियम करा. तेव्हा ‘आम्ही ऐच्छिक म्हणून करतो’ हा सूर जरा खाली आणायला हरकत नाही.

सगळ्यांना सगळं शक्य नाही हे मला कळतं. जुना वाडा आहे, अरुंद जिना आहे, लिफ्ट बसतच नाही, आठ खोल्यांचा छोटा व्यवसाय आहे. ठीक आहे. तसं सरळ लिहा. ‘आमच्याकडे सात पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, बाथरूमचं दार ६२ सेंटीमीटर’ असं लिहिणाऱ्या हॉटेलबद्दल मला आदर वाटतो, कारण त्याने माझा प्रवास फुकट घालवला नाही. एकदा एका छोट्या लॉजच्या मॅनेजरने मला व्हिडिओ कॉल लावला, हातात टेप, बाथरूमच्या दारात धरला, २७ इंच. म्हणाला मॅडम हे जमणार नाही, थांबा. मग म्हणाला दारच बिजागरीतून काढून ठेवलं तर? काढून मोजलं, माझी खुर्ची जाईल एवढं झालं, तिथे त्याने जाड पडदा लावला. त्याच्याकडे नियमावली नव्हती, कन्सल्टंट नव्हता. त्याला फक्त मी काय विचारतेय ते ऐकू आलं होतं. तसं दार न काढताही, बाहेरच्या बाजूला पूर्ण सरकणाऱ्या खास बिजागऱ्या मिळतात, त्यांनी दार उघडल्यावर त्याची जाडी वाटेतून बाजूला जाते आणि दीड-दोन इंच सुटतात. काही ठिकाणी तेवढ्यावरच काम भागतं.

तर मागण्या, सरळ सरळ:

पहिली, मापं आणि फोटो वेबसाइटवर टाका. प्रवेशाच्या पायऱ्या किती, लिफ्टच्या दाराची रुंदी, बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी, उंबरा आहे का, कमोडची उंची, बार कोणत्या बाजूला, शॉवरमध्ये सीट आहे का, पलंगाची उंची आणि खालची जागा. बाथरूमचा फोटो दारात उभं राहून काढा, फुलदाणीचा क्लोजअप नको. यासाठी एकही भिंत पाडावी लागत नाही, त्यामुळे ‘बजेट नाही’ हे उत्तर या मागणीला चालणार नाही.

दुसरी, बुक केलेली रूम तीच द्या. अडवून ठेवा, आणि देता येत नसेल तर मी निघायच्या आधी कळवा.

तिसरी, फोन घेणाऱ्याला ती रूम एकदा दाखवा. एकदा तरी तुमच्या रिसेप्शनच्या माणसांना व्हीलचेअरवर बसवून मेन दारापासून त्या कमोडपर्यंत जाऊ द्या, कोणीही ढकलायचं नाही. मॅनेजरलाही.

चौथी, रिनोव्हेशनच्या प्लॅनवर सही होण्याआधी तो चाकाच्या खुर्चीवरच्या, वॉकरवरच्या, कुबड्यांवरच्या माणसाला दाखवा आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. आम्ही फुकट सल्ले देऊन दमलोय. आणि असलेली अशी रूम तोडायची असेल तर आधी दुसरी तयार करा.

पाचवी, रात्रपाळीतल्या निदान दोघांना इव्हॅक्युएशन चेअर चालवता आली पाहिजे, आणि असा ग्राहक कोणत्या रूममध्ये आहे हे त्यांना माहीत पाहिजे.

ज्या हॉटेलमुळे हे लिहायला बसले त्यांना वेगळं सांगते. तुम्ही फॅमिली रूम केलीत, करा. पण खालच्या मजल्यावरच्या कुठल्यातरी एका रूमचं बाथरूम अजून बदलता येतं, टाइल्सवाला अजून तुमच्याकडेच असेल. त्या ईमेलला मी परत उत्तर टाकलंय, त्यात वर लिहिलेल्या मापांची यादी आहे, समोर रिकामे रकाने आहेत. भरून पाठवा. ज्या रकान्यात ‘नाही’ येईल तिथे ‘नाही’ लिहा, फक्त ‘स्टँडर्ड’ लिहू नका.

तुमची,
स्वतःची व्हीलचेअर घेऊन येणारी एक ग्राहक